कृपा हरवल्याची बातमी

शलमोनकाकांना कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या मुलीला दुसऱ्या नावानं हाक मारता येत नव्हती. दीक्षानं लिहिलेल्या गोष्टीत मुलीचं नाव मेघना होतं. काका कंपनीतून आल्यासारखे दारातून आत यायचे, बूट काढायचे, रिकामा डबा ओट्यावर ठेवायचे, इथपर्यंत सगळं जमायचं. मग आतल्या खोलीच्या दाराशी थांबून "मेघना, झोपलीस का?" असं विचारायची वेळ आली की त्यांच्या तोंडून "कृपा" निघायचं. काका ओशाळून हसायचे, कृपाची आई मर्सीकाकू पदर तोंडाला लावून हसायच्या आणि सतीश मोबाइलवरचं शूटिंग पुन्हा पहिल्यापासून लावायचा. शेवटी दीक्षा म्हणाली, राहू दे, पिक्चरमध्येही तिचं नाव कृपाच ठेवू. त्या वेळी ते सगळ्यांना सोयीचं वाटलं.

दीक्षा, सतीश आणि कृपा तिघंही शिरूरच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. दीक्षा निमोण्याची, रोज एसटीनं यायची. सतीश न्हावऱ्याचा, घरी गाई आणि दुधाचा धंदा, पण हातात कायम मोबाइल आणि डोक्यात एडिटिंग. कृपा शिरूरमध्येच चर्चमागच्या गल्लीत राहायची. तिचे वडील शलमोनकाका रांजणगावला एका कंपनीत पाळ्यांवर जायचे. सेकंड शिफ्टचा आठवडा असला की बापलेकीची गाठच पडायची नाही. ते येत तेव्हा ही झोपलेली, ही कॉलेजला निघे तेव्हा ते झोपलेले. कृपा डबा भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तो रिकामा सापडायचा, एवढाच काय तो दोघांचा संबंध. हे तिनं एकदा कॅन्टीनमध्ये सहज सांगितलं आणि दीक्षाला गोष्ट सुचली. एक मुलगी डबा भरून ठेवते आणि घर सोडून जाते. डबा भरलेला आहे म्हणजे मुलगी घरात आहे, असं बाप धरून चालतो. ती गेल्याचं त्याला फार उशिरा कळतं. फिल्मचं नाव ठेवलं 'सेकंडचा डबा'.

बापाचं काम शलमोनकाकांनीच करायचं, हा हट्ट दीक्षाचा होता. काका बरेच दिवस नको नको म्हणत होते. मग त्यांनी एका अटीवर होकार दिला: कंपनीचं नाव, गणवेश, बस, काही काही दिसायचं नाही. दीक्षानं ती अट शेवटपर्यंत पाळली.

शूटिंग जानेवारीत झालं. उसाचे दिवस असल्यानं गाणी लावलेले ट्रॅक्टर एकामागून एक जायचे आणि तिघं खिडक्या लावून आवाज जाईपर्यंत मुकाट बसून राहायची. एसटी स्टँडवरच्या प्रसंगात कृपा पिवळा ड्रेस घालून, पिशवी घेऊन बाकावर बसलेली असते आणि कुणी तिला काही विचारत नाही, असं दाखवायचं होतं. पण पेरू विकणारी एक बाई प्रत्येक वेळी मध्ये येऊन विचारायची, कुठं निघालीस गं एकटीच, खाल्लंयस का काही. सतीशनं शेवटी लांब जाऊन, त्या बाईला कडेनं कापून तो शॉट घेतला.

पुण्यातल्या एका संस्थेनं कॉलेजच्या मुलांसाठी लघुपटांची स्पर्धा ठेवली होती. फिल्म यूट्यूबवर टाकायची, आठवडाभरात ज्या सगळ्यांत जास्त पाहिल्या जातील त्या मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवणार. दीक्षासाठी या हॉलचा वेगळा अर्थ होता. तिच्या वडिलांनी, पोपटदादांनी, बँकेच्या परीक्षांच्या क्लासची चौकशी करून ठेवली होती. आपल्याला पुण्यात राहून फिल्म शिकायची आहे, हे तिनं अजून घरात उच्चारलंही नव्हतं. दादांना त्या हॉलमध्ये नेऊन बसवायचं, पडद्यावर तिचं नाव येऊ द्यायचं आणि मग घरी परत येताना विषय काढायचा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

पण फिल्म कुणी पाहतच नव्हतं. नातेवाईक झाले, वर्गातली मुलं झाली, आणि आकडा थांबला. दीक्षा तासातासाला मोबाइल उघडायची. रात्री झोपताना शेवटचं तेच आणि सकाळी उठल्यावर पहिलं तेच. इतर कॉलेजांच्या फिल्म हजारांत पळत होत्या.

तेव्हा सतीशनं पोस्टरचं काढलं. फिल्ममध्ये एका प्रसंगात बाप खांबावर मुलीचा फोटो चिकटवतो, त्यासाठी त्यानं एक कागद बनवला होता. वर मोठ्या अक्षरांत 'हरवली आहे', खाली कृपाचा फोटो, पिवळ्या ड्रेसचं वर्णन, शिरूर एसटी स्टँडवरून बेपत्ता, आणि संपर्कासाठी दीक्षाचा नंबर. दुसऱ्या कुणाचा नंबर कशाला टाका म्हणून त्या वेळी तिचाच टाकला होता. हाच कागद आपण सगळीकडं स्टेटसला टाकू, सतीश म्हणाला, खाली काळी पट्टी देऊ, तिच्यावर फिल्मचं नाव आणि लिंक. लोक फोटो बघून थांबतील आणि लिंक उघडतील.

लोकांना खरं वाटेल, असं दीक्षा तेव्हाच म्हणाली.

"खाली पट्टी हाय की," सतीश म्हणाला. "वाचता येतं लोकांना."

कृपाला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट फोटो अजून चांगला टाक म्हणाली. दीक्षानं शलमोनकाकांना विचारून घेऊ असं सुचवलं. पण काका नेमके फर्स्ट शिफ्टहून येऊन झोपले होते, आणि एवढ्यासाठी कशाला उठवायचं, असं कृपाचं म्हणणं पडलं. दीक्षानं पुढं ताणलं नाही. खरं म्हणजे काका नको म्हणतील, हीच तिला भीती होती. संध्याकाळी पोस्टर सगळीकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी निमोण्याहून येताना एसटीत पुढच्या बाकावर एक बाई शेजारणीला मोबाइलवर काहीतरी दाखवत होती. दीक्षानं मान उंचावून पाहिलं तर कृपाचा फोटो. खालची काळी पट्टी कुणीतरी कापून टाकली होती. तिच्या जागी लिहिलं होतं, मुलगी गरीब घरची आहे, कृपया पुढे पाठवा. शेजारीण हळहळली. आजकाल पोरी बाहेर पाठवायची सोय राहिली नाही, असं काहीतरी म्हणाली. हे खरं नाही असं पुढं वाकून सांगावं, असं दीक्षाला वाटलं. पण सगळी बस ऐकेल या संकोचानं ती गप्प बसली.

स्टँडवर उतरेपर्यंत फोन सुरू झाले. सुप्याहून कुणी म्हणालं, इथं चहाच्या टपरीवर अशीच मुलगी पाहिली. एकानं नुसताच घाणेरडा प्रश्न विचारला. एक बाई आधी आईची चौकशी करू लागली, आई जेवते का, तिला एकटं सोडू नका. दीक्षानं तिला सांगितलं की ही फिल्मची जाहिरात आहे, मुलगी घरी आहे. मग ती बाई म्हणाली, लाज वाटली पाहिजे तुम्हाला, आणि फोन ठेवला.

कॉलेजच्या गेटवर सतीश हसत उभा होता. फिल्मचा आकडा एका रात्रीत कुठल्या कुठं गेला होता. दीक्षाला आनंद झाला, हे खोटं नाही. पण त्या आनंदाच्या मागोमाग भीतीही आली होती आणि दोन्हींमधलं कुठलं जास्त आहे हे तिला सांगता आलं नसतं. तिनं फिल्मच्या पानावर खुलासा लिहिला, तो कुणी वाचला नाही. फोटो फिरत होता, खुलासा जिथल्या तिथं होता. फोन थांबेनात. दुपारच्या आधी तिनं मोबाइल बंद केला आणि सॅकच्या तळाशी टाकून दिला.

कृपाचं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, फोन बाहेर ठेवून लॅबमध्ये जावं लागायचं. बाहेर आली तेव्हा आईचे कितीतरी फोन येऊन गेलेले. तिनं लावला. बोलता बोलता तिचा चेहरा बदलला, तसे दीक्षा आणि सतीश जवळ सरकले.

दौंडहून शितलचा फोन आला होता. शितल म्हणजे कृपाच्या आजोबांची शेजारीण. सकाळी तिच्या मोबाइलवर कृपाचा फोटो आला, तो तिनं घाबरून आजोबांना दाखवला. आजोबांनी घराला कुलूप लावलं आणि ते निघून गेले. त्याला आता बराच वेळ झाला होता आणि त्यांचा फोन बंद लागत होता.

एबनेझर आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. आजी गेल्यावरही दौंड सोडायला तयार नव्हते. कृपा पहिलीपासून दहावीपर्यंत त्यांच्याकडंच होती, कारण तेव्हा शलमोनकाका आणि मर्सीकाकू दोघंही कामावर असायचे. तिला शाळेत सोडणं, आणणं, वेणी घालणं सगळं त्यांनी केलेलं. आता त्यांना साखरेचा त्रास होता, कमी ऐकू यायचं आणि त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन होता. त्यांनी सकाळी आधी शलमोनकाकांना फोन लावला होता, पण कंपनीत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मर्सीकाकू चर्चमध्ये महिलांच्या प्रार्थनेला गेल्या होत्या, त्यांचा मोबाइल घरी वाजत होता. कृपाचा लॅबबाहेर.

"मग त्यांनी पोस्टरवरचा नंबर लावला असंल," सतीश म्हणाला आणि बोलून गेल्यावर दीक्षाकडं बघेना.

दीक्षानं सॅक जमिनीवर ठेवली आणि तळातून मोबाइल काढून चालू केला. चुकलेल्या फोनांच्या मेसेजची रांग वर सरकू लागली. कृपा तिच्या खांद्यावरून पाहत होती. आजोबांचा नंबर तिला लहानपणापासून पाठ होता. तिनं बोट ठेवलं. मग खाली आणखी एकदा ठेवलं. मग आणखी खाली.

शलमोनकाकांना कंपनीच्या गेटवर निरोप पोचवला. ते सुट्टी टाकून निघाले आणि शिरूरचं स्टँड, सरकारी दवाखाना बघतो म्हणाले. आजोबा इकडंच आले तर, म्हणून मर्सीकाकू घरी थांबल्या. सतीशनं भावाकडून दुधाचा टेम्पो आणला आणि तिघं पुढं दाटीवाटीनं बसून दौंडच्या वाटेला लागली. मागं रिकाम्या कॅनचा खडखडाट चालू होता. कृपा दोघांनाही एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर दीक्षाला बरं वाटलं असतं.

न्हावरे मागं पडल्यावर कृपानं मोबाइल काढून आजोबांचा फोटो शोधला, नाताळातला, पांढरा शर्ट घातलेला. खाली लिहिलं, माझे आजोबा सकाळपासून दौंडहून बेपत्ता आहेत, कुणाला दिसले तर कळवा. ज्या ज्या ठिकाणी तिचा फोटो फिरत होता त्या सगळ्या ठिकाणी सतीशच्या आणि दीक्षाच्याही मोबाइलवरून तो पाठवला. उत्तरं लगेच आली. आता आजोबा पण का, असं एकानं विचारलं. हसणारे चेहरे आले. कुणी लिहिलं, भाग दुसरा आला वाटतं. शिरूरच्या एका मोठ्या ग्रुपवरून सतीशला काढून टाकलं. कृपा एकेक उत्तर वाचत होती आणि प्रत्येकाखाली लिहीत होती, हे खरं आहे, हे खरं आहे. पारगावचा पूल, केडगाव, चौफुला कधी आलं आणि कधी गेलं, ते तिघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दौंडला आजोबांच्या दाराला कुलूप होतं. शितल कडेवरच्या बाळासकट धावत आली. कृपाला धडधाकट उभी पाहून तिला रडू कोसळलं आणि मग ती चिडली. तिच्याकडून कळलं की आजोबांनी तो फोटो तिच्या मोबाइलवरून झेरॉक्सच्या दुकानात पाठवायला लावून रंगीत छापून घेतला होता, गठ्ठाच्या गठ्ठा, आणि डिंकाची बाटली घेऊन ते स्टेशनकडं गेले होते.

स्टेशनात शिरताच पहिल्या खांबावर कृपाचा चेहरा होता. पुढच्या खांबावरही. पाण्याच्या नळाजवळ, तिकीट खिडकीच्या बाजूला, पुलाच्या पायऱ्यांवर, सगळीकडं ती पिवळ्या ड्रेसमध्ये हसत होती. कागद नीट, सरळ, चारी कोपऱ्यांना डिंक लावून चिकटवलेले. लोक एकदा कागदाकडं आणि एकदा तिच्याकडं पाहायला लागले. कृपानं ओढणी डोक्यावरून घेतली आणि एक कागद नखानं खरवडून काढायला लागली. तो निघता निघेना.

चौकीतल्या हवालदारानं तिला पाहताक्षणी ओळखलं. सकाळपासून तिच्यासाठी दोन गाड्यांचे डबे तपासले, असं त्यानं सांगितलं. तो ओरडला नाही, पण दीक्षाचं बोलणं ऐकता ऐकता त्यानं पेन खाली ठेवलं, ते तिला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. आजोबा सकाळी त्याच्यासमोरच बसले होते. त्यानं त्यांना घरी जाऊन थांबायला सांगितलं होतं. पण पोरगी अडचणीत असेल तर केडगावच्या मिशनमध्ये गेली असेल, तिथं बायकांना आसरा मिळतो, असं म्हणून ते पुण्याकडच्या पॅसेंजरमध्ये बसले. हवालदारानं आजोबांचं वर्णन लिहून घेतलं, पुढच्या स्टेशनांना कळवतो म्हणाला. मग त्यानं कृपाला विचारलं की आजोबांना काही आजार आहे का. साखरेची गोळी सकाळी घेतली की नाही, हे तिला सांगता येईना.

केडगावला मिशनच्या फाटकाशी एका बाईंनी सांगितलं, हो, आले होते. मुलगी इथं नाही म्हटल्यावर थोडा वेळ ओट्यावर बसले. पाणी दिलं, जेवायला थांबा म्हटलं तर थांबले नाहीत. इथून शिरूरकडं जातो, वाटेत विचारत विचारत जातो, म्हणाले. त्यांच्या हातातल्या कागदावरून त्या बाईंनी दुपारच्या प्रार्थनेत कृपाचं नावही घेतलं होतं. हे सांगताना त्या कृपाचा हात हातात धरून होत्या आणि कृपाला तो सोडवून घेता येत नव्हता.

म्हणजे ज्या रस्त्यानं ती तिघं आली, त्याच रस्त्यावर कुठंतरी आजोबा होते. टेम्पो परत फिरला. आता कुणी मोबाइल हातात घेतला नाही. सतीश सावकाश चालवत होता, दीक्षा डावीकडं बघत होती, कृपा उजवीकडं. बसथांब्याच्या पत्र्यावर कागद दिसला. पुढं एका गुऱ्हाळाच्या भिंतीवर दिसला. येताना हे सगळं इथंच होतं आणि ती तिघं शेजारून गेली होती.

गुऱ्हाळातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, आले होते म्हातारबाबा, बस येईना म्हणून चालतच पुढं गेले. पाय ओढत होते. मग म्हणाला, "पुलावर लई वेळ उभं व्हते म्हनं. आमचा ट्रॅक्टरवाला सांगत व्हता."

ऊन उतरलं होतं. पुलावर सतीशनं टेम्पो कडेला घेतला. कठड्याच्या एका खांबाला कागद होता आणि त्याच्यापुढं एकही कागद नव्हता. खाली भीमेचं पाणी संथ, हिरवट. दीक्षा कठड्याला धरून खाली पाहत राहिली. पाण्यात काही पांढरं दिसलं की ती आणखी पुढं वाकायची. बगळा असायचा, नाहीतर प्लास्टिकची पिशवी. आपण पट्टी लावली होती, खाली फिल्मचं नाव होतं, हे वाक्य ती सकाळपासून मनातल्या मनात म्हणत होती. आता ते तिला म्हणवेना. मागं कृपा रस्त्याच्या मधोमध उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होती.

एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी थांबवली. त्यानं ना कुठलं पोस्टर पाहिलं होतं ना कुठला मेसेज. एक म्हातारा पुढं तोडणीवाल्यांच्या कोप्यांजवळ बसलाय, पायाला लागलंय त्याच्या, एवढं त्यानं सांगितलं.

कोप्या म्हणजे पाचटाच्या झोपड्या, रस्त्यापासून थोड्या आत होत्या. ऊस तोडून आलेल्या बायका चुली पेटवत होत्या. एका बैलगाडीला टेकून आजोबा बसले होते, शर्टावर डिंकाचे डाग, एका पायाला फडकं बांधलेलं, शेजारी तुटलेली चप्पल. नकुशी नावाची एक तोडणीवाली बाई त्यांना पितळीतून गुळाचा चहा पाजत होती. चक्कर येऊन पडायच्या बेतात होते, म्हणून आणून बसवलं, असं ती म्हणाली.

कृपा पळत गेली. आजोबांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांनी तिचं डोकं चाचपलं, मग खांदे, मग दोन्ही हात मनगटापर्यंत, कुठं मोडलंबिडलं आहे का बघावं तसे. कृपा रडत होती. आजोबांनी नकुशीला सांगितलं, ही बघा, हीच. मग त्यांची नजर दीक्षा आणि सतीशकडं गेली.

"तुम्ही आणलंत तिला," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "देव तुमचं कल्याण करो. तुमच्या आईबापाचं कल्याण करो."

सतीशनं मान खाली घातली. दीक्षाला वाटलं, हे असंच राहू द्यावं. म्हातारा माणूस, दमलेला, घरी गेल्यावर कृपा सांगेल सावकाश. कृपा तिच्याकडं पाहत नव्हती. दीक्षा त्यांच्यासमोर मातीत बसली.

"आजोबा, ती हरवलीच नव्हती," ती जरा मोठ्यानं म्हणाली, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. "तो कागद आम्ही केला होता. आमच्या पिक्चरसाठी. लोकांनी पिक्चर बघावा म्हणून."

आजोबांनी कृपाकडं पाहिलं. कृपानं मान हलवली. चुलीपाशी बसलेल्या बायकाही आता इकडं बघत होत्या.

"आणि त्याच्यावरचा नंबर?"

"माझा आहे."

"मी लावला होता तो."

"हो, आजोबा. मी फोन बंद करून ठेवला होता."

आजोबांनी चहाची पितळी बाजूला सारली. दीक्षाला वाटलं, आता ते हात उचलतील, आणि उचलला असता तर तिनं मान पुढं केली असती. पण ते वेगळंच बोलले.

"मी सगळ्यांना सांगत आलोय, सापडली की कळवतो म्हणून. ती माणसं वाट बघत असतील."

शिरूरला पोचल्यावर आधी दवाखाना झाला. साखर पार खाली गेली होती, पाय मुरगळला होता, बाकी ठीक होतं. शलमोनकाका घराच्या दारात उभे होते. ते सतीशला काही म्हणाले नाहीत. दीक्षाला एवढंच म्हणाले की तू मला विचारायला हवं होतंस, मी कंपनीचं नाव येऊ देऊ नको म्हणालो तेव्हा तू ऐकलं होतंस. त्यानंतर ते तिच्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मर्सीकाकूंनी चहा दिला, पण पूर्वीसारखं बस गं म्हटलं नाही.

आजोबांच्या पायाची सूज जरा उतरल्यावर दुधाच्या त्याच टेम्पोतून चौघं पुन्हा निघाली. ही आजोबांची अट नव्हती. ते एकटेच एसटीनं जाणार होते, तेव्हा दीक्षानं सोबत येऊ का म्हणून विचारलं. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, कागद काढायचा आणि तिथल्या माणसांना सांगायचं, असं ठरलं. सांगायचं काम दीक्षाचं. पहिल्या दोन ठिकाणी तिला दोनदोनदा सांगावं लागलं. गुऱ्हाळातला माणूस हसला आणि त्यानं सगळ्यांना रस दिला. बसथांब्यावरच्या एका म्हाताऱ्यानं तिला चांगलंच झापलं. मिशनमधल्या बाई आत गेल्या, बाहेर येऊन म्हणाल्या की प्रार्थना वाया जात नसते, पण पुन्हा असं करू नका. कोप्यांच्या जागी फक्त चुलींचे काळे डाग होते, तोडणीची टोळी दुसऱ्या उसाच्या फडावर गेली होती. कुठं ते कुणाला माहीत नव्हतं. आजोबा तिथं बराच वेळ उभे राहिले. दौंडच्या हवालदारानं कागद नीट घडी करून ठेवून घेतला.

फिल्म स्पर्धेत निवडली गेली होती. आकडाच तेवढा झाला होता. दीक्षानं संस्थेला सगळं कळवलं आणि फिल्म काढून घ्यायची असेल तर घ्या असं लिहिलं. त्यावरून सतीशशी तिचं कडाक्याचं भांडण झालं. एवढं झाल्यावर आता हातचंही घालवायचं का, असं त्याचं म्हणणं होतं. आठवडाभर ती दोघं वर्गात वेगवेगळ्या बाकांवर बसली. संस्थेनं उत्तर पाठवलं: फिल्म स्पर्धेतून बाद, पण परीक्षकांना ती बरी वाटली होती, तेव्हा स्पर्धेबाहेर एकदा दाखवू.

तो दिवस आला तेव्हा दीक्षा पोपटदादांना घेऊन पुण्याला गेली. सतीश आला. कृपा आजोबांना घेऊन आली. शलमोनकाका आले नाहीत, त्यांची फर्स्ट शिफ्ट होती, किंवा तसं त्यांनी सांगितलं. दादा पांढरी टोपी मांडीवर ठेवून खुर्चीत ताठ बसले होते. दीक्षानं त्यांना घरातून निघण्याआधीच सगळं सांगितलं होतं, पुण्यात शिकायचंही आणि कृपाचंही. ते ऐकून ते नुसते हूं म्हणाले होते. त्या हूंचा अर्थ तिला अजून लागला नव्हता.

दिवे मालवले. पडद्यावर नावं यायला लागली आणि तिच्या हातातला मोबाइल थरथरला. अनोळखी नंबर होता. तिनं तो नंबर बदलला नव्हता, फोन कधी बंदही ठेवत नव्हती. फोटो अजून फिरत होता, रोज कुठून ना कुठून फोन यायचाच. ती दादांच्या पायांपुढून वाकून बाहेर आली.

नांदेडकडचा कुणी रिक्षावाला होता. स्टँडवर पिवळ्या ड्रेसमधली एक मुलगी बसली आहे, फोटोतल्यासारखीच दिसते, येताय का, असं विचारत होता.

"दादा, फोटोतली मुलगी घरी आहे," दीक्षा म्हणाली. "ती हरवली नव्हती. फोन केलात, उपकार झाले तुमचे."

"नक्की का, ताई?"

"नक्की. मी आत्ताच तिच्या शेजारून उठून आले."

तो बरं म्हणाला. फोन ठेवता ठेवता दीक्षाला काहीतरी सुचलं आणि तिनं घाईनं विचारलं, "मग तिथं बसलीय ती मुलगी कोण?"

त्याला माहीत नव्हतं. विचारून बघतो म्हणाला. दीक्षा म्हणाली, विचारा, आणि मला परत फोन करा. तो करतो म्हणाला.

बंद दाराआडून शलमोनकाकांचा आवाज ऐकू येत होता, मुलीला हाक मारणारा. आत दादा तिची वाट बघत असतील, किंवा पडद्याकडं बघत असतील. ती दाराला पाठ टेकून, मोबाइल दोन्ही हातांत धरून, फोन यायची वाट पाहत उभी राहिली.